धुक्याचं विरजण

आमच्या संस्थेतलं धुकं यंदा सैन्यात भरती झालं. त्याच्या बरणीच्या तोंडाला रोज फडक्याचा दादरा बांधायचं काम भांडारपाल म्हणून माझ्याकडे, त्यामुळे त्या दिवशी माझे पाय जमिनीवर नव्हते.

हे धुकं मृदुला खिस्ती बाईंनी सरकारी अनुदानावर लहानाचं मोठं केलेलं. धुकं कसं बसतं आणि का उठतं, एवढंच त्यांना जाणून घ्यायचं होतं. दरवर्षी अनुदान समिती येई आणि याचा उपयोग काय, असं विचारी. बाई सांगत, अजून कळलेलं नाही. समिती तोंड वाकडं करून चहा पिई आणि जाई. यंदा धुकं अंगाने भरलं, बरणीत मावेना, आणि समितीऐवजी कर्नल निंबाळकर आले.

मैदानात चाचणी झाली. बाईंनी दादरा सोडला. धुकं शहाण्यासारखं कर्नलांच्या जीपवर जाऊन बसलं आणि जीप दिसेनाशी झाली. रडारलाही सापडेना! आम्ही हात दुखेपर्यंत टाळ्या वाजवल्या. आत छान गारवा आहे, असं चालकाने आतूनच कळवलं. भरती तिथल्या तिथे पक्की झाली. छाती मोजता येईना, तेवढी सूट मिळाली.

मग कर्नलांनी हुकूम वाचला. धुकं सगळंच्या सगळं न्यायचं होतं, थेंबभरही मागे ठेवायचं नव्हतं. बाईंचा चेहरा उतरला. धुकं का उठतं, हे त्यांना अजून कळलं नव्हतं, आणि बरणी रिकामी झाल्यावर कधी कळणारही नव्हतं. मला फार वाईट वाटलं.

"कर्नलसाहेब, तुमच्याकडे दही कोण लावतं?" बाईंनी विचारलं.

"आई."

"सगळं वाढून टाकतात?"

कर्नलांनी हुकुमाची घडी घातली. "नाही. विरजणापुरतं काढून ठेवते. पाहुणे आले तरी त्याला हात लावू देत नाही."

त्यांनी वरिष्ठांना फोन लावून हे सगळं समजावून सांगितलं. वरिष्ठांकडेही दही घरीच लागत असावं. चमचाभर ठेवायला परवानगी मिळाली.

बाईंनी जीपवरून चमचाभर धुकं काढून बरणीत सोडलं. मी दादरा बांधला. कर्नल निरोप घ्यायला आत आले आणि बरणीवर वाकले.

"याचा उपयोग काय?"

"काही नाही," बाई म्हणाल्या. "लहान आहे अजून."

कर्नलांनी मान डोलावली, वारा येत होता ती खिडकी लावून घेतली आणि बूट न वाजवता बाहेर गेले.