बारवखेडे रस्ता : वाहतूक निरंक

शांतता ही अन्न, वस्त्र, निवारा यांच्याइतकीच माणसाची मूलभूत गरज आहे, आणि ती नेहमी दुसऱ्याच्या गावात मिळते. हे सत्य ध्यानात घेऊनच सन १९७९ मध्ये नाशिक येथे 'शांत सायकल सहल मंडळा'ची स्थापना झाली. संस्थापक सभासद सात. सातही जण एकाच कार्यालयात कारकून असल्यामुळे घटना, रबरी शिक्का, आवक-जावक रजिस्टर आणि आजीव अध्यक्ष या गोष्टी मंडळाला पहिल्याच आठवड्यात मिळाल्या. सायकली मात्र तेव्हा पाचच होत्या. अध्यक्ष श्री. मल्हारी गांगुर्डे हे बावीस वर्षे अभिलेख शाखेत असल्याने शांततेचा त्यांचा अनुभव दांडगा होता. सरचिटणीस मी.

मंडळाची कार्यपद्धती सोपी आहे. दर रविवारी सकाळी सहाला नाशिकच्या द्वारका चौकात जमायचे (साडेसातपर्यंत सगळे येतात), पँटच्या पायांना क्लिपा लावायच्या आणि ट्रकच्या धुरातून वाट काढत जिथे ट्रक नाहीत अशा मुलखाकडे निघायचे. सायखेड्याला गोदावरीच्या काठी भजी आणि चहा. तिथून पुढे एखादे ऐतिहासिक खेडे. परतताना सायखेड्याहून सायकली बसच्या टपावर चढवून आम्ही आत बसून येतो. थकलेल्या माणसाला शांततेचा आस्वाद घेता येत नाही, असे अध्यक्षांचे निरीक्षण आहे.

प्रत्येक सहलीची नोंद तीन प्रतींत होते. नोंदवहीत सदरे चार : अंतर, वाहतूक, ऐतिहासिक वास्तू आणि निसर्ग. पुढे वाद नको म्हणून घटनेच्या कलम सातमध्ये वाहनाची व्याख्याच देऊन टाकली आहे : 'जे मागून आल्यास सभासदास बाजूला व्हावे लागते, ते वाहन.' बैलगाडी मागून आली तरी सभासदच पुढे राहतो, सबब ती वाहन नाही. पायी चालणारा माणूस तर कुणालाच बाजूला व्हायला लावत नाही, उलट तोच होतो. मग त्याला लिहायचे कुठे? यावर सव्वा तास चर्चा झाली. डोक्यावर मोळी असो, हंडा असो की काहीच नसो, पायी चालणाऱ्याची नोंद 'निसर्ग' या सदरात घ्यावी, असे एकमताने ठरले.

तीन वर्षांत मंडळाने अकरा रस्ते तपासले. दहांत काही ना काही खोट निघाली. एकावर उसाचे ट्रॅक्टर, एकावर दुधाचा टेम्पो, एकावर तर चक्क एसटीची बस. शांततेसाठी सायकली टपावर टाकून आम्ही एकदा पार सुरगाण्यापर्यंत गेलो. पण तिकडे चढ फार, आणि मागून जीप आली तर ती पंचवीस माणसांसकट येते. (त्यातली सहा बाहेर लोंबकळत असल्याने बाजूलाही जास्त व्हावे लागते.)

अकरावा रस्ता सायखेड्याहून बारवखेड्याला जाणारा. नऊ किलोमीटर मुरूम, दोन्ही अंगांना बाभळी आणि कडुलिंब, मध्ये एक ओढा. गावात काळ्या दगडाची जुनी बारव, तिच्या काठावर पडके महादेवाचे देऊळ. या रस्त्यावर आम्ही बेचाळीस रविवार काढले. बेचाळीसही रविवारी मागून काहीही आले नाही. 'वाहतूक : निरंक' असे मी स्वहस्ते बेचाळीस वेळा लिहिले आहे. इतके निर्मळ रजिस्टर कारकुनाच्या वाट्याला जन्मात एखादेच येते, आणि ते उघडून पाहताना मला खरोखर भरून यायचे. याच रविवारी 'निसर्ग' या सदरात दोन हजार एकशे चौदा माणसांची नोंद झाली. त्यांपैकी अनवाणी किती, हे वेगळे मोजलेले नाही.

एवढी शांतता इथे कशामुळे आहे, याची चौकशी मंडळाने कधी केली नाही. ते आम्हाला नवसाबाईंनी सांगितले. नवसाबाई बारवेजवळ राहतात आणि दर रविवारी आम्हाला पाणी देतात.

"गावाला बसच नाय ना, भाऊ," त्या म्हणाल्या. "मंग निवांतच ऱ्हाणार. माझी ही पोरगी आठवीला हाय सायखेड्याला. नऊ किलोमीटर जायचं, नऊ यायचं, पायी. ओढ्याला पाणी आलं का शाळा बुडती. हिचे चुलते म्हणत्यात, बस आली तर शिकव, नाय तर वैशाखात उजवून टाक."

मुलगी बारवेच्या पायरीवर भूमितीची वही घेऊन बसली होती. अध्यक्ष त्या वेळी तिथल्याच एका दगडावरचा शिलालेख उतरवून घेत होते. थोडा वेळ पाहून ती हसली. "काका, ते अक्षर नाय. बाया इथं विळे घासत्यात, त्याच्या रेघा हाय त्या." अध्यक्षांनी तिच्याकडे चष्म्यावरून पाहिले आणि ही माहिती 'स्थानिक दंतकथा' म्हणून लिहून घेतली.

गावाने बससाठी अर्ज केलेला होता. संबंधित कार्यालयाने (नाव देत नाही, सगळी कार्यालये संबंधितच असतात) उत्तरही दिले होते, की या रस्त्याने किती ये-जा होते ते मोजायला माणूस पाठवू. माणूस दीड वर्ष येत होता. म्हणून गावातले जुने पंच कोंडाजी आमच्याकडे आले. त्यांनी टोपी काढून हातात धरली होती, त्यामुळे मला उगीचच अवघडल्यासारखे झाले.

"तुमी शिकलेली माणसं. दर आयतवारी येता, वहीत लिव्हता," ते म्हणाले. "या रस्त्यानं किती माणूस चालतं, एवढं चार वळीत लिहून द्या. तुमच्या सहीला वजन राहीन."

मंडळाची खास सभा भरली. बस आल्यास काय होईल, याचा साधकबाधक विचार झाला. हॉर्न, डिझेलचा वास, धुरळा, बसच्या पाठोपाठ चहाची टपरी, टपरीच्या पाठोपाठ रेडिओ. दुसऱ्या बाजूला एक मुलगी. अखेर अध्यक्षांनी मार्ग काढला. मंडळाने कुणाचीच बाजू घेऊ नये, फक्त आकडे कळवावेत. आकडा कुणाचा मित्र नसतो, असे ते म्हणाले आणि टाळ्या पडल्या. या ठरावाच्या वेळी कुणा सभासदाच्या मनात ओढ्याकाठचा कडुलिंब होता, असे म्हणणे अन्यायाचे ठरेल. सगळ्यांच्याच मनात होता.

त्याप्रमाणे बेचाळीस नोंदींच्या नकला, तीन प्रतींत, शिक्क्यासह रवाना झाल्या. 'वाहतूक' हे सदर पूर्ण पाठवले. 'निसर्ग' हे सदर विषयाशी संबंधित नसल्याने वगळले. या सगळ्या नोंदी रविवारच्या आहेत, रविवारी शाळा नसते आणि सायखेड्याचा बाजारही नसतो, असे एका सभासदाने जाता जाता सुचवले. पण ते इतिवृत्त कायम झाल्यानंतर सुचवले, त्यामुळे विचारात घेता आले नाही.

संबंधित कार्यालयाचे उत्तर एकवीस दिवसांत आले. दीड वर्ष न हललेली फाईल मंडळामुळे हलली, ही अभिमानाची गोष्ट आहे. उत्तर असे : 'सदर रस्त्यावरील वाहतूक निरंक असल्याचे एका जबाबदार संस्थेच्या बेचाळीस रविवारांच्या प्रत्यक्ष पाहणीवरून सिद्ध होत असल्याने मोजणीसाठी कर्मचारी पाठविण्याची आवश्यकता उरलेली नाही. बसची मागणी निकाली काढण्यात येत आहे. संस्थेचे आभार.' हे आभार आम्ही चौकटीत लावले.

पुढच्या रविवारी नवसाबाईंनी नेहमीप्रमाणे तांब्या पुढे केला. गावालाही पत्राची प्रत गेली होती.

"मी रोज ओढ्यापर्यंत पोरीला घालवाया येते," त्या म्हणाल्या. "दर आयतवारी डोईवर भारा घिऊन तुमच्या म्होरून जाते. तुमी हात करता. तुमाला आमी दिसलोच नाय व्हय, भाऊ?"

"असं कसं, बाई," अध्यक्ष म्हणाले. "दिसलात ना. प्रत्येक वेळी नोंद आहे तुमची. निसर्गात."

नवसाबाईंनी तांब्या परत घेतला. मला लाज वाटली, आणि ती चांगली सायखेड्यापर्यंत टिकली. तिथे भजी गरम होती.

वैशाखातल्या एका रविवारी ओढ्याजवळ समोरून सात बैलगाड्या आल्या. पुढे ताशा वाजत होता. आम्हाला बाभळीखाली वीस मिनिटे थांबावे लागले. दुसऱ्या गाडीत, हळद लागलेली, ती मुलगी बसली होती. तिने अध्यक्षांना ओळखले आणि मान फिरवली. कलम सातप्रमाणे गाड्या बैलांच्या होत्या, शिवाय मागून नव्हे तर समोरून आल्या होत्या, सबब वाहतूक निरंक. 'निसर्ग' या सदरात 'लोकजीवनाचे मनोहर दर्शन' असे मी लिहिले. त्या पानावर माझे अक्षर थोडे बिघडले आहे, पण वाचता येते.

रस्ता अजूनही तसाच शांत आहे. तूर्त नव्या सभासदांची भरती चालू असून पात्रतेची अट एकच आहे : सहलीचा वृत्तांत शेवटपर्यंत आवडीने ऐकावा आणि वाटेत भेटलेल्या माणसांबद्दल नको त्या चौकशा करू नयेत. त्या मुलीचे नाव मी वर कुठेही लिहिलेले नाही, कारण नोंदवहीत तसे सदर नाही. आपण आमच्याबरोबर नऊ किलोमीटर आलात, बारव पाहिलीत, नवसाबाईंच्या हातचे पाणी प्यालात, लग्नाच्या गाड्यांना वाटही दिलीत. एवढ्या वेळात तिचे नाव काय, असे आपणही विचारले नाहीत. आपला अर्ज मंजूर करण्यात आला आहे. रविवारी सहाला द्वारकेवर या, आणि क्लिपा विसरू नका.