तेरियाकी आणि अर्धी वाटी पाणी

सोयाबीन म्हटलं की लातूर, आणि लातूरच्या बाजारात सोयाबीनची पारख म्हटली की हा गुरुपादप्पा! हे मी स्वतःच सांगतोय, कारण दुसरं कुणी सांगेल म्हणून वाट बघण्यात बरीच वर्षं गेली. आडतीवर पोतं फोडलं, एक दाणा दाताखाली धरला, की त्यात ओल किती ते मी सांगतो. यंत्र नंतर लावतात आणि ते मुकाट्यानं माझंच खरं करतं. अशा माणसाला सोयाबीनचाच एक काळा रस चुलीवर आटवून सॉस करायला कितीसा वेळ लागणार? शनिवारी सकाळी मी घरात जाहीर केलं, "आज स्वयंपाक माझा. जपानी. एका तासात पान वाढतो."

आमची शिवकांता ज्वारी निवडत बसली होती. सुपातून मान न काढता म्हणाली, "करा. पन पानी जपून."

आता हा जपान आमच्या घरात शिरला कसा, ते सांगायला हवं. आमची एकुलती एक मुलगी शिवगंगा पुण्यात एका जपानी कंपनीत नोकरीला. कंपनी तिला दोन वर्षांसाठी ओसाकाला पाठवायला तयार होती. सोमवारी हो की नाही ते कळवायचं होतं. मी केव्हाच हो म्हणून मोकळा झालो होतो. पण शिवकांता अडून बसली होती, आणि शिवगंगानं स्पष्ट सांगितलेलं, "अव्वा न्हाई म्हणली तर मी जाणार न्हाई." पोरगी बापावर गेली असती तर चोरून गेली असती. ती आईवर गेली आहे.

शिवकांताचा आक्षेप एकच होता. आमच्या घरात अंडंसुद्धा कधी आलं नाही. "तिथं लोक मासा न शिजवता खातात म्हनं. माझं लेकरू दोन वर्षं काय खाईल?"

दोन महिने मी तिची समजूत घालत होतो. तिकडच्या आगगाड्या मिनिटावर चालतात, म्हटलं. रस्त्यावर कागदाचा कपटा दिसत नाही, म्हटलं. लोक कमरेत वाकून नमस्कार करतात, म्हटलं.

"वाकल्यानं पोट भरतंय का?" ती म्हणायची.

लातूर नवा जिल्हा झाला त्या साली आमचं लग्न झालं. जिल्हा नवा, बायको नवी. जिल्ह्याशी वाद घालून मी दोन-तीनदा जिंकलोय. बायकोशी एकदाही नाही. म्हणून ठरवलं की आता बोलायचं नाही, खाऊ घालायचं. तेरियाकी नावाचा गोडसर जपानी सॉस घरीच करायचा, पनीर आणि वांग्यावर ओतायचा आणि तिला दाखवायचं, की बघ, यात ना मासा ना अंडं, पोरगी सुखानं जेवेल. शिवगंगा सुट्टीवर आलीच होती. तिनं कागदावर कृती लिहून दिली. एक वाटी सोया सॉस, एक वाटी पाणी, थोडी साखर, आलं, लसूण, चमचाभर कॉर्नफ्लोअर आणि मिरिन.

"मिरिन म्हणजे?"

"तांदळाची गोड दारू असते, अप्पा. नसली तरी चालतं."

नसली तरी चालतं, हे वाक्य माझ्या कानात शिरायला उशीर झाला. तोवर मी संगप्पाच्या किराणा दुकानात पोचलो होतो. संगप्पा माझ्या बरोबरीचा, मठातल्या कार्यक्रमांना पुढच्या रांगेत बसणारा. मी हळूच विचारलं, तांदळाची दारू मिळते का म्हणून. त्यानं आधी माझ्या कपाळावरच्या भस्माकडे बघितलं, मग दुकानातल्या दोन गिऱ्हाइकांकडे बघितलं, आणि मग माझ्या पिशवीत किलोभर गूळ टाकला. "आप्पा, गोडच पायजे ना? हे न्या. आन् घरी जावा." सोया सॉसची बाटलीही त्यानं कागदात गुंडाळून दिली.

घरी आलो आणि दारूची कसर भरून निघावी म्हणून गूळ जरा सढळ हातानं घातला. आता राहिलं पाणी.

तो दोन हजार सोळाचा उन्हाळा होता. गावाला आगगाडीनं पाणी येत होतं. आमच्या गल्लीत आठ दिवसांनी टँकर यायचा आणि घरटी मोजून पाणी मिळायचं. शेजारीपाजारी सहाव्या दिवशी घागरी घेऊन फिरू लागायचे. आमच्याकडे आठव्या दिवशीही पाहुण्याला तांब्याभर पाणी मिळायचं, ते केवळ शिवकांतामुळे. तांदूळ धुतलेलं पाणी वेगळं, भाजी धुतलेलं वेगळं. मला परातीत बसवून आंघोळ, त्या पाण्यानं फरशी, आणि उरलेलं संडासाला. एखादं धरण तिच्या ताब्यात दिलं असतं तर त्या वर्षीही ते अर्धं भरलेलं असतं, असं माझं प्रामाणिक मत आहे. तिच्या हाताखाली राहून आमच्याही अंगवळणी पडलं होतं. कुणी एक वाटी पाणी म्हटलं की हात आपोआप अर्धी वाटी घ्यायचा.

तशी मी अर्धीच वाटी घेतली. ओट्यावर ठेवली. सॉस आणि गूळ पातेल्यात ओतून गॅस लावला. पातेलं शिवकांताच्या माहेरचं, उदगीरहून आलेलं, जाड बुडाचं. तेवढ्यात आडतीवरून फोन आला. बाहेर जाता जाता मी शिवगंगाला ओरडून सांगितलं, "गूळ विरघळला की वाटीतलं पाणी घाल गं!"

पुढचं मला नंतर कळलं. शिवकांता मीठ न्यायला आत आली. ओट्यावर अर्धी वाटी पाणी उघडं पडलेलं. त्या दिवसांत उघडं पाणी म्हणजे बेवारशी लेकरू. तिनं ते उचललं, मागच्या दारी डब्यात लावलेल्या बेलाच्या रोपाला घातलं आणि वाटी पालथी घालून निघून गेली. मग शिवगंगा आली. वाटी पालथी दिसली. अप्पांनी पाणी घातलेलं दिसतंय, असं समजून तिनं नुसतं ढवळलं. मग मी आलो. मलाही वाटी पालथी दिसली. पोरगी कामाची झाली, असं म्हणून मी कॉर्नफ्लोअर कोरडंच टाकलं. तेवढंच पाणी वाचलं!

कागदावर लिहिलं होतं, घट्ट होईपर्यंत आटवा. किती घट्ट, ते नव्हतं लिहिलेलं. मी आटवत राहिलो. आधी छान फेस आला. मग बुडबुडे जड झाले आणि फुटताना आवाज करू लागले. मग पळी फिरेना. मी हात काढून घेतला तर पळी मधोमध सरळ उभीच राहिली. मी घाईनं पनीरचे चार तुकडे त्यात टाकले. ते वरच्या वर चिकटले.

"अप्पा, हे असंच असतं का?" शिवगंगानं विचारलं.

"थंड झालं की सैल पडतं," मी ठोकून दिलं. थंड झाल्यावर त्यावर पळीनं वाजवलं तर टणटण आवाज आला.

तेवढ्यात शेजारच्या धुरपताबाई निरोप घेऊन आल्या. टँकर सोमवारी नाही, गुरुवारी येणार. निरोप देता देता त्यांनी पातेल्यात डोकावलं. "बैलाच्या खांद्याला लावायचं औषध काढलाव का? वास बरा हाय."

टँकर गुरुवारी! आणि हे पातेलं भिजत घालायचं म्हटलं तरी निदान घागरभर पाणी. मी इकडेतिकडे बघितलं आणि पिण्याच्या कळशीचं झाकण हळूच उचललं. ते झाकण उचलल्याचा आवाज शिवकांताला पार अंगणातूनही ऐकू येतो.

"कळशीला कोन हात लावायलंय?"

ती दारात येऊन उभी राहिली. तिनं पातेलं बघितलं, उभी पळी बघितली, माझ्या हातातला तांब्या बघितला. मी काही बोलायच्या आत शिवगंगाच खाली बसली. "राहू द्या अप्पा. एक सॉस जमंना आपल्याला, आन् मी तिथं दोन वर्षं काय करणार हाय? सोमवारी न्हाई म्हणून कळवते." मला स्वतःची इतकी लाज वाटली की त्या पातेल्यात मीही चिकटून बसलो असतो तर बरं झालं असतं. पोरीचं ओसाका मी किलोभर गुळात बुडवलं होतं.

शिवकांतानं पळीच्या कडेचा एक थेंब खरवडून दोन बोटांत धरला आणि दाबून बघितला. "ह्यो तर गोळीबंद पाक झालाय. एकतारीच्या आधी उतरवायचा व्हता. पानी किती घातलं?"

"अर्धी वाटी," मी म्हणालो.

"मी न्हाई घातलं," शिवगंगा म्हणाली. "तुमीच घातलं ना?"

शिवकांतानं पालथ्या वाटीकडे बघितलं. क्षणभर तिच्या चेहऱ्यावर चोरी पकडली गेल्यासारखं काहीतरी आलं. "ते पानी बेलाला गेलं," ती म्हणाली. "आसल्या दिसांत उघडं पानी ठिवतं व्हय कुनी?"

मग तिनं पदर खोचला. ज्या बाईनं जन्मात जपानचा नकाशा बघितला नाही, तिनं कोपऱ्यातलं तांदळाच्या दुसऱ्या धुण्याचं पाणी घेतलं, पातेलं मंद आचेवर ठेवलं आणि ते पांढरं पाणी कडेकडेनं सोडत गेली. थोडं सोडायची, थांबायची, पातेलं फिरवायची. पळी आधी वाकली, मग आडवी झाली, मग फिरू लागली. गाठी तिनं चाळणीतून काढल्या. एक लिंबू पिळलं. बोटाला लावून चाखलं, आणखी अर्धं पिळलं. तांदळाच्या पाण्यानं सॉसला असा काही दाटपणा आणि चमक आली, की शिवगंगा उठून उभी राहिली.

"अव्वा, हे तर कंपनीतल्या पार्टीत होतं तसंच झालंय!"

"आपल्या चिंच-गुळाच्या सारावानीच हाय की," शिवकांता म्हणाली. "त्येला एवढं काय घाबरायचं?"

मी पस्तीस वर्षं दाण्यातली ओल ओळखतोय. त्या दिवशी मला कळलं की खरी पारखी माझ्या घरात आहे, आणि मी नुसता दात झिजवतोय.

आम्ही जेवायला बसलो. वांगं आणि पनीर बघता बघता संपलं. शिवकांतानं पातेलंच पुढ्यात ओढलं आणि भाकरीच्या तुकड्यानं ते पुसून पुसून खाल्लं, इतकं की धुवायला पाणी लागू नये. शिवगंगा जेवण सोडून आईकडे बघत होती.

भाकरीचा शेवटचा तुकडा फिरवता फिरवता शिवकांतानंच विचारलं, "तिथं नळ कितव्या दिशी येतो गं?"

"तिथं नळ येत न्हाई, अव्वा. असतोच. उघडला की पाणी."

"उन्हाळ्यात?"

"उन्हाळ्यातबी. चोवीस तास. गरमबी आन् गारबी."

शिवकांताचा हात थांबला. तिचे डोळे भरले होते, पण ते पाणीही तिनं वाया जाऊ दिलं नाही. मग ती माझ्याकडे वळली.

"दोन महिने मला झाडलेले रस्ते सांगत बसलात," ती म्हणाली, "आन् हे न्हाई सांगितलं?"

तिनं पुसून लख्ख केलेलं पातेलं बाजूला सारलं.

"जा बाई तू," ती पोरीला म्हणाली. "सोमवार कशाला? आत्ताच कळव."

दोन महिने मी तिला अख्खा जपान सांगितला होता. नळ तेवढा राहून गेला होता.