टिंबूक

माणसाचं डोकं कशावर चालतं, हा प्रश्न भल्याभल्यांना सुटला नाही. म्हणून आमच्या म्हैसूरच्या अग्रहारानं, म्हणजे आमच्या आळीनं, तो हाती घेतला.

शाळेत तर्कशास्त्र शिकवणारे तिरुमलराव म्हणाले, डोक्यात नियमांचं पुस्तक असतं, बोलताना आपण पान उलटतो. शेजारचे मानाजीराव, महाराजांच्या रिसाल्यातले निवृत्त जमादार, म्हणाले, "अय्यो मास्तर, डोकं म्हणजे घोडं. रोजच्या वाटेनं जातं. पुस्तक कुठलं?"

पैज लागली. हरणाऱ्यानं भर चौकात मिशी उतरवायची. (मास्तरांची मिशी ही नुसती अफवा होती. जमादारांची बघूनच भवानीबाईंच्या वडलांनी मुलगी दिली होती.) पंच मी. मी निःपक्षपाती, कारण दोघांनाही आजवर सारखंच फसवलंय.

मी एक शब्द बनवला, टिंबूक, आणि विहिरीवर सोडून दिला: "नंजनगूडहून उद्या टिंबूक येणार म्हणे." ('येणार'वरून तो की ती, कळत नाही. पंचाची खबरदारी.) सगळ्या बाया एकच बोलल्या तर नियम, मतं फुटली तर घोडं.

कृष्णवेणीनं घागर खाली ठेवली. "हौदा? खरंच? कुठं ठेवणार तिला?"

दुसरी म्हणाली, मोठी असेल. तिसरीनं तर गेल्या वर्षीच पाहिली होती. एवढी काही खास नव्हती.

शंभर टक्के 'ती'.

"जिंकलो!" मास्तर म्हणाले. "शेवटी 'ऊक' आलं की स्त्रीलिंग. भूक, चूक, बंदूक!"

"मग माझा चाबूक?"

"तो अपवाद."

"बायांना बंदूक आठवली, एवढंच. सवय हो! आणि बायकांचा चुडा 'तो', माझी तलवार 'ती', हा कुठला नियम?"

"तेही अपवाद." (मास्तरांच्या मते नियम पक्का आहे, अपवाद फक्त मराठी भाषेचा.)

जमादार भडकले. "बायांचं सोडा, गड्यांना विचारा! आणि मुळात ती टिंबूक आहे तरी कुठं?"

चौकात हशा उसळला. आपल्याच तोंडचं 'ती' जमादारांनाही ऐकू आलं. मुकाट्यानं ते हजामापुढं बसले. "शब्द म्हणजे शब्द."

"बघा, नियम!" मास्तर ओरडले.

"इल्ला, मुळीच नाही. घराण्याची सवय."

वस्तरा फिरला. भवानीबाई दारातून म्हणाल्या, "हा कोण आणलात?"

मिशी गेली, प्रश्न राहिला. तुम्ही हसा खुशाल. पण कृष्णवेणीनं तोंड उघडायच्या आधीच तुम्ही टिंबुकीला लुगडं नेसवलं होतंत. आणि आत्ता मी 'टिंबुकीला' म्हणालो, तेही तुम्हाला खटकलं नाही. कुठल्या नियमानं, तेवढं सांगा. हजाम अजून चौकातच बसलाय. मिशी नसली तर भुवया चालतील.