जावक क्रमांक एक

"वरच्या खोलीची मेल यापुढे मी बघत जाईन," असं मी एका रविवारी चहा पिता पिता बोलून गेलो. बोलून गेलो, एवढंच. त्यामागे विचार वगैरे काही नव्हता. बायको एका हाताने उशीला अभ्रा चढवत होती, दुसऱ्या हाताने फोनवर कुणाला तरी उत्तर लिहीत होती आणि मी नुसता बसलो होतो. नुसतं बसायची मला चांगली सवय आहे, पण त्या दिवशी का कोण जाणे, लाज वाटली.

मुलगी लग्न होऊन गेली तेव्हापासून वरची खोली रिकामी होती. बायकोने ती एका वेबसाइटवर टाकली आणि चार-आठ दिवसांसाठी माणसं राहायला येऊ लागली. घरात पुन्हा बोलण्याचा आवाज आला तशी बायको खुलली. पाहुणे तिला पाचपैकी चार पूर्णांक नऊ दशांश तारे देतात. उरलेला एक दशांश माझ्यामुळे गेला. (एक पाहुणा निघताना मी त्याच्याकडून टॉवेल मोजून, सही घेऊन ताब्यात घेतले होते.)

"तुम्ही? मेल बघणार?" बायकोने अभ्रा खाली ठेवला.

"एकतीस वर्षं आवक-जावक सांभाळलंय मी."

"तेच म्हणतेय मी."

ऑफिसात आलेलं आणि ऑफिसातून गेलेलं प्रत्येक पत्र एकतीस वर्षं माझ्या नाकाखालून गेलं. नोंद केली, क्रमांक घातला, पुढे सरकवलं. पाकीट हातात घेतल्याबरोबर आतलं पत्र अस्सल आहे की कुणाचा तरी उद्योग आहे, ते मी सांगत असे. बायकोने शेवटी पासवर्ड दिला, पण ज्या चेहऱ्याने दिला तो चेहरा मला आवडला नाही.

दुसऱ्याच आठवड्यात एक पत्र आलं आणि माझा ऊर भरून आला. वर संदर्भ, त्याखाली विषय, दिनांक, क्रमांक, आणि तळाशी जांभळा गोल शिक्का, त्यावर तिरकी सही. आजकाल असं पत्र लिहितं कोण? आपल्या खोलीच्या नोंदणीची मुदत संपत असून चोवीस तासांत खालील निळ्या पट्टीवर दाबून पासवर्ड भरावा, अन्यथा नोंदणी रद्द होईल, असा मजकूर होता. शेवटी चक्क 'कळावे' लिहिलं होतं. मी पट्टी दाबली आणि पासवर्डमधलं तिसरं अक्षर विचारायला बायकोला हाक मारली.

"अहो, हात काढा आधी त्याच्यावरून!" ती धावतच आली. तिने पाठवणाऱ्याचा पत्ता दाखवला. वेबसाइटच्या कंपनीच्या नावापुढे आकड्यांचं शेपूट लागलं होतं.

"पण शिक्का आहे त्यावर," मी म्हणालो.

"ते चित्र आहे."

"आणि सही?"

"तेही चित्रच."

"बरं, पण क्रमांक घातलाय ना?"

मुलगी लहानपणी तापात बडबडायची तेव्हा बायको तिच्याकडे जसं बघायची, तसं तिने माझ्याकडे बघितलं. मग शांतपणे समजावलं, "ही माणसं घाई करायला लावतात, धमकी देतात आणि कुठेतरी दाबायला सांगतात. हे तिन्ही दिसलं की मेल उडवायची." मी ते कागदावर लिहून टेबलासमोरच्या भिंतीवर चिकटवलं. त्या दिवसापासून मी डोळ्यांत तेल घालून बसायला लागलो.

आणि सोमवारी ती मेल आली. 'काकू, बुधवारी अकराला पोचते. तुम्ही घरी नसलात तर किल्ली कुठे ठेवाल?' संपलं! विषय नाही, दिनांक नाही, खाली नाव नाही, आणि सरळ किल्लीलाच हात!

बुधवारी एक शिक्षिका येणार हे मला माहीत होतं. पूर्वी दोनदा राहून गेलेली. आमच्या गल्लीच्या टोकाशी जे हॉस्पिटल आहे तिथे तिच्या आईचं ऑपरेशन होतं आणि तीन आठवडे तिला जवळपास राहायला हवं होतं. बायकोने दोन पाहुण्यांना नकार देऊन तिला शब्द दिला होता, "काळजी करू नकोस, खोली तुझीच." हे सगळं माहीत असल्यामुळेच माझा संशय बळावला. भामट्यांना आतली माहिती असते. शिवाय शाळेत शिकवणारी बाई विषय न घालता पत्र लिहील का?

बायकोला सांगून उगाच घाबरवण्यात अर्थ नव्हता. मी स्वतःच उत्तर लिहायला बसलो. सकाळभर खपून, चार मसुदे फाडून पत्र तयार केलं:

'जावक क्रमांक १. विषय : आपली ओळख पटविणेबाबत. उपरोक्त विषयास अनुसरून कळविण्यात येते की, आपण आपल्या ओळखपत्राच्या दोन्ही बाजूंची छायाचित्रे चोवीस तासांच्या आत सादर करावीत. अन्यथा आपले आरक्षण कोणतीही पूर्वसूचना न देता रद्द समजण्यात येईल. त्यासाठी खालील पट्टीवर दाबावे. कळावे.'

पट्टी लाल केली. (दाबून काहीच होत नव्हतं, ती नुसती रंगवलेली होती. पण तिच्यामुळे पत्राला वजन आलं.) कपाटातून 'तातडीचे' असा जुना शिक्का काढून कागदावर उठवला, वर सही केली आणि त्याचा फोटो पत्राला लावला. समोर भिंतीवर तिन्ही खुणा लिहिलेल्या होत्याच. पण त्या मी दुसऱ्यांच्या पत्रांसाठी लिहून ठेवल्या होत्या.

बुधवारी बायकोने सकाळीच चादरी बदलल्या, वर पाणी भरून ठेवलं आणि अकरापासून खिडकीशी उभी राहिली. बारा वाजले. साडेबाराला फोनवर कंपनीचा संदेश आला : 'फसवणुकीच्या तक्रारीमुळे आपले खाते बंद करण्यात आले आहे.' बायकोने लगेच जुन्या वहीतून शिक्षिकेचा नंबर शोधून फोन लावला.

"काकू! बरं झालं फोन केलात. नव्या फोनमध्ये तुमचा नंबरच नव्हता. तुमचं खातं कुणीतरी चोरलंय! मी लगेच तक्रार केली. कंपनीने माझं आरक्षणही रद्द केलं, म्हणून तुमच्याकडे आले नाही. आता हॉस्पिटलच्या बाकावर बॅगा घेऊन बसलेय, कुठेच खोली मिळत नाहीये. काय भयंकर पत्र होतं हो ते! शिक्का काय, सही काय! पक्का भामटा असणार."

बायकोने माझ्याकडे पाहिलं.

"ओळखते मी त्याला," ती फोनवर हात ठेवून पुटपुटली. मग फोनवर म्हणाली, "तू ये. खोली तुझीच आहे. बॅगा उचलायला काकांनाच पाठवते."

आईचं दुसऱ्या दिवशी ऑपरेशन आणि लेक माझ्यामुळे बाकावर बसलेली! मला अगदी मेल्याहून मेल्यासारखं झालं. परत येताना ती म्हणाली, "काका, अशा माणसाला पोलिसांतच द्यायला हवं." मी "हो" म्हणालो आणि बॅग या हातातून त्या हातात घेतली. जिन्याशी आल्यावर मात्र राहवेना. "ते पत्र मीच लिहिलंय," मी म्हणालो. ती तिथेच पायरीवर बसून डोळ्यांत पाणी येईपर्यंत हसली.

खातं बंद ते बंदच होतं. बायकोने कंपनीला फोन लावला.

"मॅडम, ते पत्र आमच्या तपासणीत शंभर टक्के फसवं निघालंय."

"अहो, ते माझ्या मिस्टरांनी लिहिलंय."

पलीकडचा आवाज एकदम हळू झाला. "मॅडम, आत्ता तुमच्याजवळ कुणी उभं आहे का?"

"हो, मिस्टर आहेत."

"ते तुम्हाला हे बोलायला भाग पाडताहेत का? तसं असेल तर नुसतं 'हो' म्हणा."

"हा माणूस? मला?" बायको म्हणाली. "अहो, याला साधी भाजी काय आणायची ते मी सांगते!"

शेवटी शिक्षिकेने फोन घेतला, आपली तक्रार मागे घेतली आणि माझी ओळख पटवली. दोन दिवसांनी खातं उघडलं. तिच्या आईचं ऑपरेशन नीट पार पडलं आणि ती तीन आठवडे आमच्याकडे आनंदाने राहिली. माझी बदली मेलवरून टॉवेलांवर झाली (सही न घेण्याच्या अटीवर).

महिन्याभराने कंपनीने सगळ्या घरमालकांना एक माहितीपत्रक पाठवलं : 'फसवी मेल कशी ओळखाल?' नमुना म्हणून त्यात माझं पत्र होतं. नाव-सही झाकून, सात ठिकाणी लाल वर्तुळं काढून.

खोटं कशाला बोलू, मला बरं वाटलं. ऑफिसात माझा एकही मसुदा साहेबांनी काटछाट न करता पुढे जाऊ दिला नव्हता. आणि हा हजारो लोकांपर्यंत काना-मात्रेचा फरक न होता गेला होता. मी तसं बायकोला म्हटलंही.

"खालची ओळ वाचलीत का?" असं म्हणून तिने फोन माझ्या हातात दिला.

खाली लिहिलं होतं : 'असा मजकूर हाडामांसाचा माणूस लिहीत नाही. तो यंत्राकडून लिहून घेतलेला असतो.'