ढोमणे सरांचा आनुवंशिक बँड

कुणाच्याही लग्नात गेले की ढोमणे सर आधी नवरदेवाच्या कानाची पाळी बघत. मग त्याच्या बापाची. दोन्ही जुळल्या की भर मांडवात टाळी! "हवेतून काई येत नाही गा! आलं का ध्यानात?" नवरदेव बिचारा दिवसभर कान चाचपत बसायचा.

सर साकोलीला आमच्या शाळेत जीवशास्त्र शिकवत आणि संध्याकाळी गावातल्या लग्नाच्या बँडमध्ये क्लॅरोनेट वाजवत. मी चित्रकलेचा मास्तर. अंगानं आडवा, म्हणून माझ्या गळ्यात ढोल अडकवला. ही अठ्ठ्याहत्तर-एकोणऐंशी सालची गोष्ट.

एक दिवस सर धापा टाकत आले. "मास्तर, आनुवंशिकता बँडवर बसवून राहिलो!" त्यांनी दोन धुना लिहिल्या होत्या, एक आईची, एक बापाची. दोन्हींचे सारखे तुकडे पाडले. मग धान मोजायच्या पायलीत आईच्या-बापाच्या चिठ्ठ्या टाकायच्या आणि जागेजागेला डोळे मिटून एक काढायची. आईची निघाली तर तिचा तुकडा, बापाची निघाली तर त्याचा. अशी जी धून जन्मेल, ती लेकराची. आमचा ट्रम्पेटवाला तुळशीराम म्हणाला, "सर, हा तुकडा लागत नाही बराबर. बदलून टाका ना." सर असे उसळले! "बदलून? लेकरू दुकानात वापस करता येते काय?"

आता त्यांना एकच ध्यास. ही धून एकदा तरी लोकांपुढे शेवटपर्यंत वाजली पाहिजे. लाखनीच्या एका वरातीत आम्ही ती सुरू केली आणि नाचणाऱ्यांचे पाय हवेतच राहिले. नवरदेवाचा मामा धावून आला, "काहून बे, मैतीले आले काय?" पुढं दोन वर्षं जिथं तिथं हेच. मीही वैतागलो होतो, खोटं कशाला बोलू!

शेवटी शाळेच्या स्नेहसंमेलनात हेडमास्तरांनी दहा मिनिटं दिली. निम्म्यातच पोरांनी शिट्ट्या सुरू केल्या. हेडमास्तर "आटपा, आटपा" अशा खुणा करू लागले. सरांनी डोळेच मिटून घेतले. मला काय झालं कोण जाणे, मी ढोल असा बडवला की शिट्ट्या ऐकूच येईनात. आणि वाजली! शेवटच्या सुरापर्यंत वाजली! मला तर तिथंच नाचावंसं वाटलं.

टाळ्या पडल्या की नाही, सरांनी बघितलंही नाही. घामाघूम झालेले सर थेट पहिल्या रांगेत बसलेल्या आपल्या बायकोपुढे, आमच्या वहिनींपुढे जाऊन उभे राहिले. वहिनी बँड ऐकायला आजवर कधी आल्या नव्हत्या.

"माही माय धान रोवताना म्हने, ते गानं हाय मधात," त्या हळूच म्हणाल्या.

"आईची धून तू जे गुणगुणते त्यातून घेतली," सर म्हणाले. "बापाची माही."

अठरा वर्षांच्या संसारात त्या घरी पाळणा हलला नव्हता. माझ्या डोक्यात आत्ता कुठं उजेड पडला.

वहिनींनी पदरानं डोळे टिपले आणि सरांकडे बघून हसल्या.

"आवाज तुमच्यावर गेला," त्या म्हणाल्या. "पन हट्टीपना माह्यावर."