दाबकेभाऊजींचा रोबो

माझ्या साबुदाण्याच्या पापडांवरून रोबो गेला, आणि शेजारचे दाबकेभाऊजी मलाच म्हणाले, "वहिनी, त्याचा दोष नाही. तुमच्या पापडांना उंचीच नाही, त्याला दिसणार कसे?"

दिल्लीतल्या आर. के. पुरमच्या आमच्या सरकारी क्वार्टर्सची गच्ची खरं तर सगळ्यांची. पण भाऊजींच्या ऑफिसात अंटार्क्टिकावर एकट्याने हिंडून बर्फाची मापं घेणारा रोबो बनू लागला, आणि आमच्या गच्चीचा अंटार्क्टिका झाला. दर रविवारी विटा, वाळू, फुटके माठ मांडून हे गृहस्थ त्याचा छोटा नमुना सोडायचे. त्याला हात लावायचा नाही! बिचारं यंत्र विटेत अडकून घरघरत राहायचं. एकदा आमच्या ह्यांनी बुटाने जरा ढकललं, तर भाऊजी कडाडले, "बिल्कुल नाही! तिथे कोण येणार आहे ढकलायला? ज्याचं त्यानं निस्तरावं!"

माणसांनाही हाच कायदा. कॉलनीतले लोक मारुती घेत होते, गुडगावात प्लॉट बघत होते. भाऊजी मात्र बंद पडलेली स्कूटर सरोजिनी नगरहून एकटे ढकलत आणायचे. आणा बापडे! पण त्यांच्या बायको, सुमनताई, हॉस्पिटलात होत्या, तेव्हा या माणसाने आम्हाला पत्ता लागू दिला नाही. मधे एक भिंत, आणि कळलं कधी, तर त्या गेल्यावर. मी रडले कमी, संतापले जास्त. शेजारी म्हणून आम्ही काय नुसते पाण्याच्या वेळेला भांडायला?

पुढे खरा रोबो एका तुकडीबरोबर अंटार्क्टिकाच्या बर्फावर गेला. तुकडी परत आली, तो आला नाही. ऐकलं तशी मी त्यांच्याकडे गेले. भाऊजी स्वयंपाकघरात उभे होते. दूध उतू गेलं होतं.

"भेगेत चाक अडकलं," ते म्हणाले. "बॅटरी संपेपर्यंत एकटाच धडपडला, उशिरा सापडला तेव्हा त्याच्या नोंदींवरून कळलं. टेकडीपलीकडे तळ होता, वहिनी. माणसं होती. कळतं तर धावली असती."

"मग त्याने कळवलं का नाही?"

"तशी सोयच नव्हती. ऑफिसातली मुलं म्हणत होती, सर, अडकला तर संदेश पाठवेल असं काही बसवू. मी म्हटलं, गरज नाही."

'शहाणेच आहात,' असं अगदी ओठांवर आलं होतं. तेवढ्यात ते ओटा पुसता पुसता थांबले.

"सुमनही म्हणत होती, शेजारी सांगा म्हणून."

त्यांनी खुर्ची पुढे ओढली.

"वहिनी, जरा बसाल का?"

राग होताच. पण मी बसले.