तेजराम गुरुजींच्या गाडीचे कूलंट बदलण्याबाबत

कोणत्याही यंत्राविषयी मत असण्यासाठी त्या यंत्राचे ज्ञान आवश्यक नसते. किंबहुना ज्ञान असल्यास मत मांडताना अडथळाच येतो. अड्याळ येथे गेल्या मे महिन्यात हा अडथळा तृप्ती नावाच्या मुलीला आला.

तृप्ती ही तेजराम गुरुजींची धाकटी मुलगी. आयटीआयमधून मोटार मेकॅनिकचा दोन वर्षांचा अभ्यासक्रम पहिल्या क्रमांकाने पूर्ण करून ती नुकतीच घरी आली होती. तिचे प्रमाणपत्र बैठकीत चौकटीत लावलेले असून आल्या-गेल्याला दाखवले जाई. गुरुजींनी निवृत्तीनंतर एक जुनी पांढरी गाडीही घेतली होती. ती रोज पुसली जाई. (बिघडल्यास चंद्रकुमारला बोलावत. चंद्रकुमारकडे ट्रॅक्टर आहे.)

एका सकाळी तृप्तीने बॉनेट उघडले, रेडिएटरचे झाकण काढले आणि आतल्या, इंजिन थंड ठेवणाऱ्या कूलंटमध्ये बोट बुडवून पाहिले. बोट विटकरी झाले.

"बाबा, कूलंट पुरं खराब झालं आहे. गंज येऊन राहिला. सगळं काढून, आतून धुवून नवं टाका लागते. गुरुवारी मुलाखतीले जायचं आहे, त्याच्या आधी मी करून देते."

"गाडी चालू तं आहे ना?" गुरुजी म्हणाले.

प्रश्न तांत्रिक असल्याने गुरुजींनी तो तंत्र न जाणणाऱ्या सर्वांपुढे ठेवला. संध्याकाळी अंगणात बैठक भरली. उपस्थित : सात. पैकी चारचाकी चालवता येणारे : दोन. कूलंट प्रत्यक्ष पाहिलेले : शून्य. मत असलेले : सात.

शेजारचे भैय्याजी म्हणाले, "कूलंट म्हंजे काय जी? पानीच. रंग टाकून विकतेत."

"माह्या ट्रॅक्टरमंदी बारा वर्सांपासून बोरचं पानी आहे," चंद्रकुमार म्हणाला. "काही झालं का?" (ट्रॅक्टर चार वर्षांपासून गुरांच्या कोठ्यात उभा आहे. ही बाब इतिवृत्तात आली नाही.)

त्यानंतर कूलंट हिरवे असावे की गुलाबी, यावर चाळीस मिनिटे सखोल चर्चा झाली. एकमत न झाल्याने आहे तेच ठेवण्याचे ठरले. ते विटकरी असल्याने निःपक्षपाती होते.

तृप्ती दारात उभी होती. "मले विचारा ना कोनी! इंजिन थंडं असताना जुनं खालून काढायचं. साधं पानी भरून गाडी चालू ठेवायची, मंग तेही काढायचं. निर्मळ पानी येतपर्यंत असंच. मंग नवं भरायचं. सकाळभराचं काम आहे."

"पोरगी मोठी हुशार आहे, गुरुजी," भैय्याजी मायेने म्हणाले. "बाई, चहा आन बरं."

तृप्तीच्या हुशारीबद्दल सर्वांचे एकमत झाले. तिने चहा आणला.

"हुशार आहे तं तिचं आयकत काहून नाही?" आतून तिच्या आईचा, पार्वताबाईंचा, आवाज आला. हा आवाज स्वयंपाकघरातून आल्यामुळे बैठकीच्या कार्यकक्षेत बसत नव्हता.

गुरुवारी अकरा वाजता भंडाऱ्याच्या एका सर्व्हिस सेंटरमध्ये तृप्तीची मुलाखत होती. गुरुजी गाडी चालवत होते. मार्गदर्शनासाठी भैय्याजी पुढे बसले होते. उमेदवार मागे, फाइल मांडीवर. पहेला गावाच्या पुढे तापमानाचा काटा चढू लागला.

"बाबा, काटा पहा. गाडी थांबवा."

"ऊन किती आहे," भैय्याजी म्हणाले. "काटा वर जाईनच ना."

कारध्याला, वैनगंगेचा पूल समोर दिसत असताना, बॉनेटमधून पांढरी वाफ निघाली. गाडी थांबली. भैय्याजी तातडीने उतरले, बॉनेट उचलले आणि हाताला गळ्यातला दुपट्टा गुंडाळून झाकणाकडे वाकले.

"हात लावू नका!" तृप्ती ओरडली. एकवीस वर्षांत तिचा एवढा मोठा आवाज कोणी ऐकला नव्हता. भैय्याजी दचकून मागे सरले. त्याच क्षणी झाकणाच्या कडेने उकळते पाणी फुर्रकन उडाले. जिथे आता वाफ होती, तिथे क्षणापूर्वी भैय्याजींचे तोंड होते. ते रस्त्याकडेच्या दगडावर जाऊन बसले आणि बराच वेळ त्यांना कशाविषयीही मत नव्हते.

झाडाखाली मासोळ्या विकणारी कलाबाई उठून आली. "कोनाले समजते यातलं?"

गुरुजींनी आणि भैय्याजींनी सवयीने एकमेकांकडे पाहिले.

"मले," तृप्ती म्हणाली.

"मंग सांग ना माय, काय करू?"

संपूर्ण प्रकरणात प्रश्न योग्य टेबलावर पोहोचण्याची ही पहिलीच वेळ. तृप्तीने तिच्याकडून पाण्याची कॅन घेतली. इंजिन थंड होईपर्यंत पाऊण तास कोणालाही झाकणाजवळ फिरकू दिले नाही. मग झाकण हळूहळू सोडले, पाणी भरले, आणि चालकाच्या जागेवर स्वतः बसली. गुरुजी मागे बसले.

मुलाखतीला ती बारा वाजता पोहोचली. साहेबांनी फाइल उघडली नाही. तिच्या विटकरी हातांकडे पाहिले.

"उशीर काहून झाला?"

"कूलंट बदललं नव्हतं."

"तुम्हाला माहीत नव्हतं?"

"मले माहीत होतं, सर."

साहेबांनाही घर होते, आणि तिथे त्यांचेही कोणी ऐकत नसे. "सोमवारपासून या," ते म्हणाले.

पंधरा दिवसांनी गुरुजी गाडी घेऊन त्याच सेंटरमध्ये गेले. काउंटरवरच्या माणसाने छापील फॉर्म पुढे केला : 'कूलंट बदलणे आवश्यक.' गुरुजींनी चष्मा लावला आणि ताबडतोब सही केली. "बरं झालं तुम्ही सांगितलं," ते म्हणाले.

काचेपलीकडे तृप्ती काम करत होती. खालच्या टबात आधी विटकरी, मग कोऱ्या चहासारखे, मग निर्मळ पाणी आले.

"माझी मुलगी आहे," गुरुजींनी शेजारच्या खुर्चीवरच्या अनोळखी माणसाला सांगितले.

"मंग तं तिनं तुमाले आधीच सांगतलं असंन," तो सहज म्हणाला.

गुरुजींनी चष्मा काढला, पुसला, पुन्हा पुसला.

वाचकहो, आपण इथवर गुरुजींना हसत आलात, ते योग्यच आहे. फक्त काल जेवताना आपल्या घरातले कोणीतरी काहीतरी सांगत होते. आपण म्हणालात, "भाजी वाढ." ते काय सांगत होते?